व्यायामाची सायकल व नाचाचें संगीत

गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील फुलपाड्यांतील आमच्या बिऱ्हाडीं आले. कचेरीहून परततांना विरारला गाडींतून उतरून ते परस्पर आले होते. छत्री दारांत निथळत ठेवून व चहाच्या पेल्यास हात लावण्यापूर्वींच त्यांनीं आपलें गाऱ्हाणें सांगितलें. "सर, तुम्ही तरी त्याला दोन शब्द सांगा. डॉक्टरांनीं वजन उतरवायला सांगितलें म्हणून घरांत व्यायामाची सायकल घेऊन दिली. रोज तिच्यावर बसतो खरा, पण कानांत तें नाचाचें इलेक्ट्रॉनिक संगीत घातल्यावांचून पाय हलवीत नाहीं. ना शब्द, ना राग, नुसती धडधड! हा काय व्यायाम झाला?"

आम्हांस क्षणभर उत्तर सुचेना. कारण ज्या मुलाविरुद्ध ही फिर्याद आमच्यापुढें आली होती, त्याच मुलानें कांहीं दिवसांपूर्वीं त्याच धडधडीची अर्ध्या तासाची यादी आमच्या मोबाईलमध्यें भरून दिली होती. आणि त्या दिवशीं सकाळींच तिच्या तालावर आम्ही स्वतः पाय मारून आलों होतों! त्या गृहस्थांस आम्हीं त्या वेळीं जें अर्धेमुर्धें उत्तर दिलें, तें आज पुरतें द्यावें असा विचार आहे. कारण असा प्रश्न एकाच घरांत उत्पन्न झालेला नाहीं, हें इतर पालकांच्या बोलण्यावरून आमच्या ध्यानांत आलें आहे.

प्रथम आमची स्वतःची हकीकत सांगणें प्राप्त आहे. चाळिशी ओलांडल्यावर शिक्षकाचें शरीर हळूंहळूं खुर्चीच्या आकाराचें होऊं लागतें. आमच्या रक्तांतील साखर वाढल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें व रोज अर्धा तास दम लागेल असा व्यायाम करण्याची आज्ञा केली. उघाडीच्या दिवसांत आम्ही पापडखिंडीच्या धरणाकडे फिरावयास जात असूं. परंतु पावसाळा लागला, रस्त्यांत पाणी सांचूं लागलें, आणि उरलेल्या जागेंतून रिक्षा व दुचाक्या वाट काढूं लागल्या. तेव्हां नाइलाजानें गल्लींतील एका लहानशा जिममध्यें जाऊन आम्ही जागच्या जागीं फिरणाऱ्या सायकलीवर बसूं लागलों.

आम्ही जुन्या वळणाचे. व्यायाम हा मनाच्या निग्रहानें करावयाचा, त्यास गाण्याबजावण्याचा टेकू कशाला, अशी आमची समजूत. म्हणून आम्ही मुकाट्यानें भिंतीवरील घड्याळाकडे पाहत पाय मारूं लागलों. चार मिनिटें झालीं असतील असें वाटून पाहावें, तों दीडच मिनिट झालेलें! रस्त्यावरील सायकलींत निदान झाडें मागें जातात, चढ संपून उतार लागतो. येथें समोरची भिंत ती भिंतच. आठ दिवसांत एकदांही आम्हीं दहा मिनिटांची मजल गांठली नाहीं.

पुढें एके दिवशीं वर्गांत निग्रहावरील धडा शिकवीत असतांना हें आमचें अपयश बोलतां बोलतां तोंडून निसटलें. मुलें हसलीं, आम्हीही हसलों. तास सुटल्यावर एक विद्यार्थी मात्र मागें थांबला. हा मुलगा शरीरानें स्थूल. कवायतीच्या तासाला त्याच्याजवळ नेहमीं घरून आणलेली चिठ्ठी असे, आणि त्याच्या प्रगतिपुस्तकांत 'मेहनतीस टाळाटाळ करतो' असा शेरा आम्हींच लिहिला होता. तो म्हणाला, "सर, मी पण पंधरा दिवस तसाच बसत होतों. मग ताल लावला. आतां चाळीस मिनिटें होतात." आम्हांस तें खरें वाटेना. चाळीस मिनिटें? मग मैदानावर कां येत नाहींस, असें विचारतां तो खालीं पाहून म्हणाला, "मैदानावर मुलें हसतात, सर. सायकल हसत नाहीं."

त्या एका वाक्यानें आमचा शेरा खोटा ठरला. जो मुलगा मेहनतीस टाळतो असें आम्ही समजत होतों, तो मेहनतीस टाळीत नव्हता. उपहासास टाळीत होता. हें मूल चार भिंतींच्या आंत, कोणाच्या दृष्टीस न पडतां, आमच्या चौपट व्यायाम करीत होतें, आणि त्यास सोबत होती ती केवळ त्या धडधडीची. तेव्हां त्या धडधडीचा निकाल लावण्यापूर्वीं ती काय वस्तु आहे, हें पाहणें आम्हांस न्यायाचें वाटलें.

नाचाच्या या संगीताची घडण अगदीं साधी आहे. चार मात्रांचें आवर्तन, आणि प्रत्येक मात्रेवर मोठ्या ढोलाचा सारख्या वजनाचा एक ठोका. तो ढोल चामड्याचा नसून यंत्रांतून उत्पन्न केलेला असतो, म्हणून तो थकत नाहीं व कणभरही चुकत नाहीं. मिनिटाला किती ठोके, यावरून या संगीताच्या जाती पुष्कळ अंशीं ओळखितां येतात. 'हाऊस' नामक प्रकार मिनिटास सुमारें १२० ते १३० ठोक्यांचा, 'ट्रान्स' त्याहून कांहींसा जलद, आणि 'ड्रम अँड बेस' तर १७० च्या आसपास धांवणारा. आतां सायकलीच्या एका फेऱ्यांत दोन पाय एकेकदां खालीं जातात. प्रत्येक पावलास एक ठोका दिला, तर १२८ ठोक्यांच्या गाण्यावर मिनिटास ६४ फेरे होतात. हा चढ चढण्याचा वेग होय. १७४ ठोक्यांच्या गाण्यावर ८७ फेरे होतात. हा सपाट रस्त्यावरचा वेग. जागेवरच्या सायकलीचे वर्ग घेणारे शिक्षक चढासाठीं साधारण ६० ते ८० व सपाटीसाठीं ८० ते ११० फेरे सांगतात. म्हणजे ही धडधड म्हणजे निव्वळ गोंगाट नव्हे. ती पायांसाठीं केलेली मोजपट्टी आहे. गणिताच्या विद्यार्थ्यांनीं आपापल्या आवडीच्या गाण्याचे ठोके घड्याळ लावून मोजावे व त्यांस दोहोंनीं भागावें. या दोन त्रैराशिकांत आम्हीं जें सांगितलें तें त्यांस स्वतः पडताळतां येईल.

तालानें माणसाचें बळ वाढतें, हा शोध नवा नाहीं. इ. स. १९११ मध्यें लिओनर्ड एअर्स नांवाच्या अमेरिकन गृहस्थांनीं न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील सहा दिवसांच्या सायकल-शर्यतीचें निरीक्षण प्रसिद्ध केलें. बँड वाजत असतां सायकलस्वारांचा वेग वाढतो व तो थांबला म्हणजे उतरतो, असें त्यांस आढळलें. यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं, २०१० सालीं, इंग्लंडमधील लिव्हरपूल येथील संशोधकांनीं बारा तरुणांस जागेवरच्या सायकलीवर बसवून एकच संगीत त्यांस तीन प्रकारें ऐकविलें: मूळ वेगानें, दहा टक्के जलद, व दहा टक्के संथ. जलद संगीतावर त्यांनीं अधिक अंतर काटलें व अधिक जोर लावला. संथ संगीतावर दोन्ही गोष्टी घटल्या. यांत मौज अशी कीं, जलद संगीतानें त्यांचे श्रम कमी झाले नाहींत. श्रम वाढलेच, परंतु ते वाढलेले श्रम त्यांनीं आपखुषीनें पत्करले आणि संगीतही त्यांस अधिक आवडलें. निग्रह निग्रह म्हणून आम्ही ज्यास म्हणतों, त्याहून ही आपखुषी वेगळी ती किती?

आतां कोणी म्हणेल कीं, असो, परंतु हें परक्यांचें संगीत. आमच्या मुलांस त्याची चटक कां? या आक्षेपास दोन उत्तरें आहेत. पहिलें उत्तर असें कीं, श्रमास तालाची जोड देण्याची चाल आपल्या घरांतलीच आहे. पहांटे जात्यावर बसलेली आपली आजी हीच आमच्या मतें जागेवरच्या सायकलीची आद्य स्वार! तिचेंही चाक जागच्या जागीं फिरे, तिच्याही समोर भिंतच असे. आणि पायलीभर दाणे संपेपर्यंत तिचा हात थांबत नसे, तो ओवीच्या आधारानें. महाराष्ट्रांतील खेडोपाडीं फिरून हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, यावरून त्या दळणाबरोबर केवढें काव्य दळलें गेलें याची कल्पना यावी. मोटेवरचीं गाणीं, कोळ्यांचीं वल्हीं मारतांनाचीं गाणीं, शाळेंतली लेझीम, हीं सारीं त्याच कुळांतलीं. आमच्या वसई भागांतील लग्नांत बँड सुरू झाला म्हणजे ज्या आजोबांस काठीवांचून चालवत नाहीं, तेही दोन पावलें टाकून जातात.

दुसरें उत्तर ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. ज्या यंत्रांतून हा ठोका निघतो, तीं यंत्रें १९८० च्या सुमारास जपानांत निघालीं. आणि पुढें दोन वर्षांच्या आंत तीं एका मुंबईकर वादकाच्या हातीं खेळूं लागलीं. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे कलावंत. त्यांनीं १९८२ मध्यें भैरव, तोडी, यमन, मालकंस इत्यादि दहा राग त्या यंत्रांवर, नाचाच्या अखंड ठोक्याच्या जोडीनें वाजवून त्यांची एक तबकडी काढली. ती त्या काळीं फारशी कोणी विचारली नाहीं. पुढें अमेरिकेंतील शिकागो शहरांत त्याच यंत्रांवर 'अॅसिड हाऊस' नांवाचा प्रकार उदयास आला व जगभर पसरला. २०१० मध्यें ती जुनी तबकडी पुन्हां प्रसिद्ध झाली, तेव्हां पाश्चात्य रसिक थक्क झाले. कारण तो सारा प्रकार मुंबईंत आधींच घडून गेलेला होता. चरणजित सिंग २०१५ मध्यें वारले. 'ना राग' असें म्हणणाऱ्या पालकांनीं ती तबकडी एकवार अवश्य ऐकावी.

इतकें ऐकून आमचे विद्यार्थी आनंदानें टाळ्या पिटूं लागले असतील. त्यांस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं हात जरा आवरावे. कारण आमच्या हकीकतीचा दुसरा भाग अजून सांगावयाचा आहे.

त्या मुलाच्या यादीनें आमचीं दहा मिनिटें वीस झालीं, विसांचीं तीस झालीं, आणि आम्हांस गर्व झाला. एका सुटीच्या दिवशीं सकाळीं, पोटांत अन्नाचा कण नसतां, आम्हीं ती यादी बाजूस सारून १७४ ठोक्यांचें संगीत लावलें व प्रत्येक ठोक्यास एक पाऊल देण्याचा हट्ट धरला. पहिलीं दहा मिनिटें आम्ही पंचवीस वर्षांचे झालों होतों. पुढें केव्हां तरी समोरची भिंत हलूं लागली. ती हलत आहे हें दिसूनही आम्ही थांबलों नाहीं; कारण ठोका थांबला नव्हता. शेवटीं तेथील तरुणानें आम्हांस धरून खालीं बसविलें व पाणी आणि साखर दिली. दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांनीं सर्व ऐकून घेतलें व एवढेंच म्हटलें, "सर, त्या यंत्राची साखर वाढलेली नाहीं, तुमची वाढली आहे."

जात्याची ओवी व हें संगीत यांतील खरा भेद येथें आहे. तो देशी-परदेशीचा नव्हे, कीं शब्द असण्या-नसण्याचाही नव्हे. जात्यावर गाणारी व दळणारी एकच. तिचा दम संपत आला कीं ओवी आपोआप लांबे, हात सैल पडे, शेजारीण पुढची ओवी उचले. गाणें दमाचें अंकित होतें. यंत्राच्या ठोक्यास दम नाहीं. समोर सोळा वर्षांचा पोर आहे कीं चाळिशी उलटलेला मास्तर आहे, त्याला ताप आहे कीं तो उपाशी आहे, हें त्यास ठाऊक नाहीं, व ठाऊक करून घेण्याची त्याची इच्छाही नाहीं. ताल यंत्राचा असो, परंतु लगाम स्वाराच्याच हातीं असला पाहिजे. या सबंध लेखांत आम्हांस सांगावयाचें आहे तें एवढेंच.

लंडन येथील ब्रुनेल विद्यापीठांत कोस्टास कारागिऑर्गिस यांनीं व्यायाम व संगीत यांच्या संबंधावर अनेक वर्षें अभ्यास केला आहे. त्यांच्या व इतरांच्या अभ्यासावरून असें दिसतें कीं, बेताच्या श्रमांत संगीतानें थकव्याची जाणीव कमी होते; परंतु श्रम फारच तीव्र झाले म्हणजे शरीराची हांक संगीतावरही मात करते. ती हांक म्हणजे शरीराचा पहारेकरी होय. संगीतानें त्यास थोडा वेळ बाहेर बसवावें, यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु तो दारावर धक्के मारूं लागला असतां आवाज आणखी वाढवून त्यास दडपून टाकणें, हा शुद्ध अविचार होय, व तो आमच्या हातून घडला.

आवाजाविषयीं स्वतंत्रपणें चार शब्द लिहिणें अवश्य आहे. पाय थकले तर रात्रीच्या झोपेनें पुन्हां ताजे होतात. कानाच्या आंतील सूक्ष्म पेशी एकदां मेल्या म्हणजे पुन्हां उगवत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं आठवड्यास चाळीस तास ८० डेसिबल, व मुलांसाठीं तितकेच तास ७५ डेसिबल, अशी ऐकण्याची मर्यादा घालून दिली आहे. आणि आवाज दर तीन डेसिबलनें वाढला कीं सुरक्षित वेळ निम्म्यानें घटतो. मुलांच्या कानीं हेडफोन असतां शेजारीं उभ्या असलेल्या माणसास तो ठोका ऐकूं येत असेल, तर आवाज जास्त आहे असें खुशाल समजावें. ठोका पायांस कळला म्हणजे पुरे. तो खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांस कळण्याचें कारण नाहीं.

या अनुभवावरून आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस तीन नियम सांगतों. पहिला: गाण्यावरून पाय ठरवूं नका, पायांवरून गाणें निवडा. आरंभीं पांच मिनिटें संथ, मध्यें १२० ते १४० ठोक्यांचें, शेवटीं पुन्हां संथ, अशी यादी स्वतःच्या दमाप्रमाणें करावी. दुसरा: मधून मधून एक वाक्य मोठ्यानें बोलून पाहावें. वाक्य पुरें बोलतां येतें पण गाणें म्हणतां येत नाहीं, तर श्रम बेताचे आहेत. वाक्यही तुटूं लागलें, तर ठोका कांहीं म्हणो, पाय सैल सोडावे. तिसरा: आठवड्यांतून एक दिवस कानांत कांहीं न घालतां सायकल चालवावी. तो दिवस कंटाळवाणा जाईल. परंतु आपला श्वास कसा चालतो व छाती कशी उडते याची ओळख त्याच दिवशीं होते, आणि ज्यास ती ओळख आहे त्यास यंत्र फसवूं शकत नाहीं.

पालकांसही एक गोष्ट नम्रपणें सांगणें आहे. पांच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनीं सरासरी रोज साठ मिनिटें अंगमेहनत करावी असें आज वैद्यकशास्त्र सांगतें. आमच्या वसई-विरारच्या दाट वस्तींत त्यांना मोकळें मैदान किती मिळतें, आणि पावसाळ्याचे चार महिने त्या मैदानाची काय अवस्था असते, हें आपण सर्व जाणतां. अशा स्थितींत एखादें मूल आपण होऊन घाम गाळीत असेल, तर त्याच्या कानांतील संगीत आपणांस रुचत नाहीं एवढ्याच कारणावरून त्यास सायकलीवरून उतरवूं नये. आवाज कमी करावयास सांगावें, जेवल्याबरोबर बसूं देऊं नये, पाणी जवळ ठेवावें. परंतु हसूं नये. बाहेर त्यास हसणारे पुष्कळ आहेत.

आतां त्या गृहस्थांस त्या सायंकाळीं आम्हीं काय उत्तर दिलें, तें सांगून हा लेख आवरतों. ते रोज सकाळीं विरारहून चर्चगेटपर्यंत साठ किलोमीटर गाडींतून उभ्यानें जातात, आणि त्यांच्या डब्यांत भजनी मंडळ आहे हें आम्हांस माहीत होतें. आम्हीं विचारलें, "गाडींत आपण टाळ वाजवितां, तो कशासाठीं?" ते म्हणाले, "देवाचें नांव घेण्यासाठीं." आम्हीं म्हटलें, "तें खरेंच, आणखी कशासाठीं?" त्यांनीं थोडा विचार केला, व ते हसून म्हणाले, "टाळ असला म्हणजे बोरिवली केव्हां आली तें कळत नाहीं, सर."

आम्ही कांहींच बोललों नाहीं. त्यांनीं थंड झालेला चहा घेतला, छत्री उचलली, आणि दारांत वळून विचारलें, "त्याचें तें गाणें मिनिटाला किती ठोक्यांचें असतें म्हणालांत?"

प्रगतिपुस्तकांतील आमचा तो शेरा आम्हीं या सहामाहींत खोडला आहे.